लग्नाआधीची विधवा

दातवाल्यांनी दवाखाना बंद केला आणि पेशंटची खुर्ची घरी आणून बैठकीच्या खोलीत मांडली, त्या वर्षीची ही गोष्ट. त्या खुर्चीपायी ताईने दातवाल्यांशी, म्हणजे नवऱ्याशी, अबोला धरला होता. संग्रहालयाची बाई येणार असं कळलं तेव्हा तिने तो तात्पुरता सोडला. पाहुणा येणार म्हटलं की भांडणाची घडी घालून ठेवायची आणि पाहुण्याची पाठ फिरली की जिथे मोडलं तिथून पुढे चालू करायचं, ही त्या घराची रीतच होती.

"ती खुर्ची पडद्यामागे तरी ढकला," ताई म्हणाली.

"ढकलत नाही ती. आणायला चार माणसं लागली."

"मग वर चादर टाका."

"टाकून बघितली," दातवाले म्हणाले. "घरात प्रेत ठेवल्यासारखं दिसतं."

ताईने चादर परत कपाटात ठेवली. तिच्या डोक्यात त्या दिवशी खुर्चीपेक्षा मोठं दुखणं होतं, आणि ते छोट्या न्हाणीघरात होतं.

छोट्या न्हाणीघरात दादांच्या निगेटिव्हच्या पेट्या होत्या. दादा म्हणजे ताईचे थोरले भाऊ. घरात सगळेच तिला ताई म्हणत, तिच्याहून सात वर्षांनी मोठे असलेले दादासुद्धा. दादांनी लग्न केलं नाही. बंदर, धोबीघाट, वीटभट्ट्या, इस्पितळांचे व्हरांडे, जिथे माणसं राबतात तिथे जन्मभर फोटो काढले आणि म्हातारपणी बहिणीच्या मागच्या खोलीत राहायला आले. पेट्या बरोबर आल्या. घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे छोटं न्हाणीघर, म्हणून त्या तिथे रचल्या, आणि तेव्हापासून सगळं घर एकाच न्हाणीघरात अंघोळ करत आलं. ताईने त्यावर जेवढी कुरकुर केली तेवढ्या शब्दांत एखादं पुस्तक झालं असतं.

पण गेल्या वर्षापासून त्या न्हाणीघरातून आंबूस वास यायला लागला. सॅलडमध्ये घालतात त्या व्हिनेगरचा. दातवाल्यांनी नाक लावून सांगितलं, "फिल्म नासतेय. एक रोल नासला की शेजारच्याला लागण होते. दातांसारखंच आहे." मग एके दुपारी ताईने पाहिलं, दादा न्हाणीघरातल्या टबाच्या काठावर बसले होते आणि हातातल्या पट्टीवरचं चित्र दुधावरच्या सायीसारखं सुटून त्यांच्या बोटाला चिकटलं होतं. ते बोटाकडे बघत बसले होते. ताईला ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः संग्रहालयाला फोन केला. असल्या फिल्म ठेवायची कोरडी, थंड खोली शहरात फक्त त्यांच्याकडे होती.

खोली होती, पण त्यात यंदा एकाच संग्रहाला जागा होती, आणि दारात दुसरा एक उमेदवार उभा होता. तो पक्ष्यांचे फोटो काढणारा.

धाकटा भाऊ आणि त्याची बायको सकाळीच येऊन दाखल झाले. हा धाकटा जन्मभर विमे विकत फिरला, त्यामुळे सगळे त्याला विमेवाला म्हणत. संकट यायच्या आधी त्याचं वर्णन करायचं, हा त्याचा धंदाच होता.

"बाई फोटोबद्दल विचारणार," तो कोट काढायच्या आधीच म्हणाला. "त्या फोटोबद्दल. बाकीचे हजारो आहेत, पण नाव आहे ते त्या एकाचं. आणि आपण काय म्हणायचं? माहीत नाही म्हणायचं. झाकली मूठ."

तो फोटो म्हणजे 'धक्क्यावरची विधवा.' पन्नासेक वर्षांपूर्वी बंदरात माल चढवताना क्रेन कोसळली, खालचा मालवाहू पडाव उलटला आणि माणसं पाण्यात गेली. त्यांच्या बायका धक्क्यावर जमल्या. दादा तिथे सकाळपासून होते. दुपारी ताई त्यांचा डबा घेऊन गेली. तेव्हा ती तेवीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं, ठरत आलं होतं, आणि डावा गाल सुजून भोपळा झाला होता. दादा डब्याला हात लावीनात. मग ती दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसली, स्वतः शिवलेला कोट खांद्यावर, हात गालावर, डोळे पाण्याकडे, आणि मनात थोरल्या भावाला शिव्या. दादांनी तेवढ्यात फोटो काढला. वर्तमानपत्रातल्या माणसाने सगळ्या रोलमधून नेमका तो उचलला, पहिल्या पानावर छापला आणि खाली आपल्याच मनाने 'विधवा' असं लिहिलं.

ताईचं ठरत आलेलं लग्न त्या आठवड्यात मोडलं. मुलाकडचे लोक वर्तमानपत्र हातात घेऊन आले होते. "मुलगी विधवा आहे हे आमच्यापासून लपवलंत," म्हणाले. आईने दहा वेळा सांगितलं की तिला नवराच नव्हता. ते म्हणाले, छापून आलंय.

त्याच वर्तमानपत्रातला तोच फोटो एका तरुण दंतवैद्याने पाहिला. नवा दवाखाना, पेशंट एकही नाही, वर्तमानपत्र वाचायला वेळ भरपूर. त्याने फोटो भिंगाखाली धरला आणि आपल्या मदतनिसाला सांगितलं, "हे दुःख नव्हे. खालची डावी अक्कलदाढ आहे, आणि आत पू झालाय." मग तो शोधत शोधत घरी आला. दाढ काढली, पुढच्या वर्षी लग्न केलं. दाढ त्याने एका बाटलीत जपून ठेवली. पुढे कुणी विचारलं तर दातवाले सांगत, "नवरा व्हायच्या आधीच मी मेलेलो होतो. त्यामुळे नंतर संसारात काही जड गेलं नाही."

"म्हणजे मी खोटं बोलायचं?" दातवाल्यांनी आता विमेवाल्याला विचारलं.

"तुम्ही बोलायचंच नाही, भाऊजी. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला सांगितलंत, आज एक दिवस स्वतःचं मिटा."

"माझ्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं निदान आहे ते. नुसत्या फोटोवरून. ते मी संग्रहालयाच्या बाईला सांगायचं नाही?"

"ते सांगितलंत तर फोटो खोटा पडतो. फोटो खोटा पडला तर थंड खोली पक्ष्यांना जाते. आणि दादाच्या पेट्या इथेच सडतात."

भावजय स्वयंपाकघरातून अंडी सोलत सोलत म्हणाली, "पण हे दादांना विचारलंत का?"

"दादाला काय विचारायचं?" विमेवाला म्हणाला. "दादासाठीच तर चाललंय सगळं."

दादांचं दार बंद होतं. त्यांना ऐकू कमी येतं असं सगळे समजत होते. त्यांनी तो समज कधी दूर केला नव्हता.

*

संग्रहालयाची बाई तिशीतली होती. हातात सुती मोजे, खिशात मोजपट्टी, पायात आवाज न करणारे बूट. बैठकीत मोकळी जागा तेवढ्या एका खुर्चीवर होती, तेव्हा दातवाल्यांनी तिला तिथेच बसवलं आणि सवयीने पायाखालचा खटका दाबला. बाई हळूहळू आडवी झाली.

"अहो," ताई म्हणाली.

"माफ करा, हात आपोआप जातो," दातवाले म्हणाले. आणि मग, ती आडवी आहेच म्हणून, "वरच्या दाढेत भरलंय ते चांगलं भरलंय हं," असं म्हणून तिला पुन्हा सरळ बसवलं.

बाई खरोखर चांगल्या स्वभावाची निघाली. हसली, उठली आणि आधी पेट्या बघते म्हणाली. छोट्या न्हाणीघरात ती उकिडवी बसली, एकेक झाकण उघडून वास घेत गेली, आणि प्रत्येक झाकणागणिक तिचा चेहरा उतरत गेला. दादा दारात आपल्या घडीच्या स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होते.

त्यांची कामाची एक तऱ्हा होती. ते स्टूल घेऊन जायचं, कोपऱ्यात बसायचं, कॅमेरा मांडीवर ठेवायचा आणि लोक आपल्याला विसरेपर्यंत थांबायचं. मगच फोटो. 'जरा इकडे बघा', 'थोडं हसा', 'अमुक जागी उभे राहा' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. घरच्या कार्यातही तेच. विमेवाल्याच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले. त्यात नवरदेवाच्या तोंडात घास आहे, नवरी टेबलाखाली हरवलेली चप्पल शोधते आहे आणि सासरे झोपलेले आहेत. भावजयीने तो अल्बम माहेरी कधी नेला नाही.

"यातल्या काही पेट्या पुढचा उन्हाळा बघणार नाहीत," बाई उठत म्हणाली. तिने ते दादांना सांगितलं, पण ताईने भिंतीला हात टेकला.

"मग न्या ना," ताई म्हणाली. "आजच न्या. गाडी मी सांगते."

"माझ्या हातात असतं तर नेल्या असत्या. गुरुवारी समितीची बैठक आहे. आमच्या संचालकांना 'धक्क्यावरची विधवा' दारातल्या भिंतीवर लावायची आहे, भिंतीएवढी मोठी करून. पण समितीतले लोक म्हणतात, ही बाई कोण, हेच तुम्हाला माहीत नाही. पक्षीवाल्यांनी त्यांच्या एकेका पक्ष्याचं नाव, वय, घरटं, सगळं दिलंय."

"पक्ष्याचं वय?" दातवाले म्हणाले. "पक्ष्याला दात नसतात. वय कसं काढलं?"

विमेवाल्याने त्यांच्या पायावर पाय दिला.

"आणि आम्हाला फोटोंबरोबर वस्तूही हव्या असतात," बाई सांगत होती. "कॅमेरा, हे स्टूल. आणि त्या बाईचा तो कोट मिळाला असता तर काय बहार झाली असती. मोठ्या कॉलरचा, एक बटण वेगळं असलेला. पण तो कधीच गेला असणार."

भावजयीच्या हातातलं अंडं थांबलं. तो कोट जेवणाच्या खोलीत दाराशेजारच्या खुंटीवर होता. मोठी कॉलर, एक बटण वेगळं. ताई तो अंगावर टाकून कचरा टाकायला जात असे.

*

जेवायला बसताना भावजयीने पहिली बाजी मारली. ती सुपाची वाटी हातात घेऊन खुंटीसमोर उभी राहिली आणि तिथून हललीच नाही. ती अंगाने भरलेली होती. कोट पूर्ण झाकला गेला, एक बाही तेवढी खांद्यामागून बाहेर येत होती, ती तिने काखेत धरली.

"तुम्ही बसा ना," संग्रहालयाची बाई म्हणाली.

"मी उभ्यानेच जेवते, मॅडम. पाठीचं आहे."

"कधीपासून?" दातवाल्यांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"आत्तापासून," भावजय म्हणाली.

लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून भावजयीला वाटत आलं होतं की वन्सं तिच्या बाजूने नाहीत. तिच्या लग्नाच्या फोटोंवर सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या वन्संच. पण आज उभ्याने सूप पिताना तिला आतून बरं वाटत होतं. पहिल्यांदाच या घरातली एक वस्तू तिच्या पाठीशी होती.

बाईने पाव मोडला आणि सरळच विचारलं. "तुमच्यापैकी कुणालाच त्या बाईबद्दल काही माहीत नाही? नाव नसलं तरी चालेल. कुठे राहायची, पुढे काय झालं, काहीतरी. मी समितीसमोर रिकाम्या हाताने गेले तर पक्षीच येणार, हे मी तुम्हाला आजच सांगते."

ती ताईच्या समोर बसली होती. मध्ये मिठाची बाटली तेवढी होती.

विमेवाला घसा साफ करून "माहीत नाही" म्हणायच्या बेतात होता. ठरलंच होतं तसं. पण ताईने दादांकडे पाहिलं. दादा पावाचा कोर सुपात बुडवत होते, शांतपणे, उद्या पेट्या राहिल्या काय नि गेल्या काय अशा चेहऱ्याने. ताईला माहीत होतं की त्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नसतो. तिला टबाच्या काठावरचं ते बोट आठवलं.

"मी ओळखायची तिला," ताई म्हणाली.

विमेवाल्याचा चमचा बशीवर पडला.

"खरंच?" बाईने फोन काढला आणि लिहून घ्यायला लागली.

"म्हणजे तोंडओळख. गरीब होती बिचारी. पण मानी. फार मानी."

"दिसायला कशी होती?" दातवाल्यांनी विचारलं.

"चांगली होती," ताई त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "चारचौघींत उठून दिसणारी."

"मुलंबाळं?" बाईने विचारलं.

"तीन," ताई म्हणाली.

"दोन," त्याच क्षणी विमेवाला म्हणाला. बोलायचं नाही असं त्यानेच बजावलं होतं, पण बहीण बुडते म्हटल्यावर त्याला राहवेना.

"दोन राहिली," ताई म्हणाली.

"दोन मुलगे," विमेवाला आता रंगात आला. "एक जहाजावर लागला. दुसऱ्याने सायकलचं दुकान काढलं. आईला फार जपायचे दोघे. मी त्यांचा विमा उतरवला होता."

"मग मुलांचा पत्ता असेल तुमच्याकडे."

"कंपनी बुडाली," विमेवाला लगेच म्हणाला.

भावजयीला वाटलं, आपण एकट्याच का मागे राहायचं. "शिवणकाम करायची ती," ती कोटासमोरून म्हणाली. "हात फार सुबक. फक्त बटणं जुळवून लावायची नाही."

ताईने तिच्याकडे असं पाहिलं की सूप थंड झालं असतं.

"अजून आहे का ती?" बाईने हळूच विचारलं.

जिवंत म्हटलं तर भेटायला न्यावं लागणार.

"गेली," विमेवाला म्हणाला.

"कधी?" हे ताईने विचारलं.

"झाली की बरीच वर्षं. न्यूमोनिया."

"इतक्या तडकाफडकी?" ताई म्हणाली.

"फार हाल झाले नाहीत."

"तिची तब्येत चांगली दणदणीत होती," ताई म्हणाली. "तिला न्यूमोनिया व्हायचं काही कारण नव्हतं."

"मधुमेह होता."

"मुळीच नव्हता."

"ताई, तुला काय माहीत? तुझी तोंडओळख."

दातवाले खाली मान घालून अंडं चघळत होते. आपल्या डोळ्यांदेखत आपल्या बायकोला दुसरा नवरा, दोन मुलगे आणि मधुमेह लावून मारलं जात होतं, आणि आपल्याला एक शब्द बोलायची परवानगी नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ.

संग्रहालयाच्या बाईला मात्र यातलं काही दिसत नव्हतं. ती भराभर लिहीत होती. मानी, शिवणकाम, दोन मुलगे, सायकलचं दुकान. पक्षीवाल्याच्या कुठल्याही पक्ष्याचं एवढं भरगच्च चरित्र नव्हतं. तिचे डोळे भरून आले. "हे सगळं मी फोटोशेजारी भिंतीवर लावीन," ती म्हणाली. "अगदी असंच्या असं."

तेव्हा दादांनी पावाचा कोर बशीत ठेवला.

"मुलगे नव्हते तिला," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. ते जेवताना सहसा बोलत नसत.

"एक मुलगी होती. आहे."

"दादा," विमेवाला म्हणाला, "तुला ऐकू नीट आलं नसेल, आपण..."

"मला सकाळपासून सगळं ऐकू येतंय." दादांनी रुमालाने हात पुसले. मग बहिणीकडे बघून म्हणाले, "ताई, जरा खिडकीकडे बघ. हात गालावर घे. डाव्या."

एक्क्याऐंशी वर्षांत या माणसाने कुणाला कुठे बघायचं ते सांगितलं नव्हतं. लग्नात सासरे घोरत असताना सांगितलं नव्हतं. ताईला नाही म्हणायचं सुचलंच नाही. तिने गालावर हात ठेवला आणि खिडकीकडे पाहिलं.

संग्रहालयाच्या बाईने तिच्याकडे पाहिलं. मग फोनमध्ये तो फोटो काढून पाहिला. मग पुन्हा ताईकडे. केस पांढरे झाले होते, गाल ओघळला होता, पण जबड्याची ती रेघ, पाण्याला जाब विचारणारे ते डोळे तसेच होते.

"मी खुळी ठरले की हो," ती शेवटी म्हणाली.

"तुम्ही नाही," दादा म्हणाले. "माझी माणसं खुळी आहेत. पण माझ्यासाठी झाली."

दातवाल्यांचा बांध फुटला. "खालची डावी अक्कलदाढ होती," ते म्हणाले. "आतून पू झालेला. मी नुसत्या वर्तमानपत्रातल्या छपाईवरून ओळखलं होतं. दाढ आहे माझ्याकडे. आणू?"

"अहो, थांबा," ताई म्हणाली. पण ते गेलेसुद्धा होते.

दादांनी शर्टाच्या खिशातून औषधाच्या गोळ्यांची चपटी पत्र्याची डबी काढली. तिच्यात निगेटिव्हची एक पट्टी होती, स्वच्छ, वास नसलेली. ती त्यांनी न्हाणीघरात कधी ठेवलीच नव्हती. संग्रहालयाच्या बाईने मोजे घालून ती खिडकीच्या उजेडात धरली. पाठोपाठची चित्रं होती. शेवटची ताई. तिच्या आधीच्या चित्रात तीन बायका कशावर तरी हसत होत्या, अगदी तोंडावर पदर घेऊन. आणि त्याच्या आधीच्या चित्रात एक तरुण बाई दगडावर बसून संत्रं सोलत होती. मांडीला चिकटून तीन-चार वर्षांची मुलगी.

"ही," दादा म्हणाले. "हिचा नवरा त्या वेळी पाण्याखाली होता. तिला ठाऊक नव्हतं. वर कुणी काही सांगत नव्हतं, सकाळपासून उभ्या होत्या सगळ्या, भूक लागली होती. बातमी नंतर आली. तेव्हा मी कॅमेरा खाली ठेवला होता."

"मग वर्तमानपत्राला हा का नाही दिलात?"

"सगळा रोल दिला होता. त्यांना यात दुःख दिसलं नाही. ताईच्या दाढेत दिसलं. मी पुढच्या आठवड्यात तिच्याकडे गेलो, म्हटलं, तुमचा फोटो आहे, चुकीचा छापलाय, मी तुमचा छापायला लावतो. ती म्हणाली, नको. म्हणाली, लोक म्हणतील, तिकडे नवरा बुडत होता आणि इकडे ही संत्रं खात होती. दुसरी कोणी विधवा म्हणून खपतेय ना, खपू दे तिला. मी असेपर्यंत हे कुणाला दाखवू नका. मी बरं म्हटलं. ती गेल्या हिवाळ्यात गेली. न्यूमोनियाने नाही. म्हातारपणाने."

भावजयीने सुपाची वाटी हळूच खाली ठेवली.

ताई अजून गालावर हात धरूनच होती. तो तिने काढला. "पन्नास वर्षं," ती म्हणाली. "पन्नास वर्षं मी लोकांच्या भिंतींवर विधवा म्हणून लटकतेय, आणि कशासाठी ते तू मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"माझं ठरलेलं लग्न मोडलं त्यात."

"डॉक्टर मिळाले की."

ताईने दारातून दिसणाऱ्या त्या दाताच्या खुर्चीकडे पाहिलं. "तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

दातवाले बाटली घेऊन आले तेव्हा सगळे हसत होते, आणि आपण काय चुकवलं ते त्यांना कुणी सांगेना.

संग्रहालयाची बाई मात्र हसली नाही. तिने पट्टी जपून डबीत ठेवली. "हे मला समितीला सांगावं लागेल," ती म्हणाली. "विधवा नाही, हे कळल्यावर ती भिंत मिळणार नाही. खोली मिळेल की नाही, तेही मी सांगू शकत नाही. तुम्ही गप्प बसला असतात तर गुरुवारी सगळं झालं असतं."

"हो," दादा म्हणाले.

"पेट्या वाचल्या असत्या."

"पेट्यांत काय आहे मग?" दादा म्हणाले. "मी कुणाला कुठे बस म्हणून सांगितलं नाही, एवढंच आहे त्यात. तेच सोडून दिलं तर नासलेलीच की सगळी. तुम्ही तिच्या मुलीला विचारा. ती त्या फोटोत आहे. ती लावा म्हणाली तर लावा, नको म्हणाली तर ही डबी तिची."

विमेवाल्याला यात धोका स्पष्ट दिसत होता, पण त्याच्याकडे यावर विकायला काही नव्हतं. तो उठला आणि दादांच्या बशीत उरलेलं अंडं वाढलं.

ताई उठली, भावजयीला दंडाला धरून बाजूला केलं आणि खुंटीवरचा कोट काढून बाईच्या हातात दिला.

"हाही घेऊन जा. समितीला म्हणावं, पक्ष्यांचा कोट आणून दाखवा."

"वन्सं," भावजय म्हणाली, "मी एवढा वेळ उभी होते ती कशाला?"

"बस आता. तुला गरम सूप देते." ताईने तिच्यासाठी खुर्ची ओढली. असं तिने आजवर केलं नव्हतं. भावजय बसली आणि पाठ दुखत नसतानाही "आई गं" म्हणाली.

*

समितीत काय झालं ते संग्रहालयाच्या बाईने नंतर सांगितलं. संचालकांनी दाराजवळची भिंत पक्ष्यांना दिली. तिथे एक घुबड आहे, भिंतीएवढं. थंड खोलीवरून बराच वाद झाला. शेवटी एका म्हाताऱ्या सभासदाने विचारलं, ती दाढ खरंच त्याच बाईची आहे का, आणि हो म्हटल्यावर तो इतका हसला की बाकीचे सैल पडले. खोलीत वरच्या फळ्या पक्ष्यांना आणि खालच्या दादांना अशी वाटणी झाली. ताई म्हणाली, खालीच बरं. वरून पक्षी काय टाकतील सांगता येत नाही.

दादांच्या फोटोंना मागच्या बाजूचा बोळ मिळाला, मुताऱ्यांकडे जाणारा. दादांना तो आवडला. तिथून प्रत्येकाला जावंच लागतं, म्हणाले. बोळात कॅमेरा आहे, स्टूल आहे, काचेत कोट आहे आणि कोटाच्या खिशाशी छोट्या बाटलीत दाढ. ती पट्टी मोठी करून सगळी लावली आहे, तिन्ही चित्रं एका रांगेत. ताईच्या फोटोखाली 'छायाचित्रकाराची बहीण, डबा घेऊन आलेली' असं लिहिलं आहे. खाली निदान करणाऱ्याचंही नाव घालावं म्हणून दातवाल्यांनी अर्ज केला. त्याचं उत्तर आलं नाही. अबोला मात्र पुन्हा सुरू झाला, कारण खुर्ची अजून बैठकीतच होती.

लावण्याआधी बाईने त्या मुलीला आणलं. मुलगी म्हणजे आता नातवंडं असलेली बाई. दादाही आले होते. तिने संत्र्याच्या फोटोसमोर चष्मा पुसून पुसून पाहिलं. मग पिशवीतून दुसरा चष्मा काढून त्यातून पाहिलं.

"आई एवढी लहान होती?" ती म्हणाली.

ती फोटोच्या आणखी जवळ गेली.

"लावा," ती म्हणाली. "भूक लागली होती तिला. त्यात काय."

ती तिथेच उभी राहिली. दादा स्टुलावर बसून राहिले, आणि ते तिथे आहेत हे ती विसरेपर्यंत उठले नाहीत.

पेट्यांची शेवटची खेप पानगळीत गेली. दादा त्यानंतरच्या हिवाळ्यात वारले. रविवार होता, दुपारची जेवणं झाली होती. त्यांना ब्याऐंशीवं चालू होतं.